कुलपातली जत्रा

निमसे सर मला पहिल्यांदा दिसले ते शाळेच्या व्हरांड्यात, उकिडवे बसलेले. समोर फरशीवर ग्राफपेपर एकमेकांना चिकटवून पसरले होते आणि त्यांवर ते रंगीत पेन्सिलीनं एकेक बारीक चौकोन भरत होते. मी शाळेत नवीन होते, तासाला उशीर झाला होता. कागद ओलांडून जाणार इतक्यात ते वर न बघता म्हणाले, "बाई, शेपटीवरनं नका जाऊ. पलीकडनं या, तिकडं अजून काय काढलेलं नाय."

मी पलीकडून गेले आणि तेव्हा मला त्या कागदांवर उभा असलेला पांढरा बैल दिसला. शिंगं वर, मान जराशी वळलेली. वर्गातल्या मुलांना मी विचारलं, बाहेर कोण बसलंय. मुलं म्हणाली, निमसे सर. ते बैल कॉम्प्युटरात घालतायत.

आमची शाळा शहापूरहून मुरबाडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढं. मी शहापूरहून एसटीनं यायचे. निमसे सर दुसऱ्या बाजूनं, सरळगावजवळच्या त्यांच्या गावाहून, खडखडणाऱ्या मोपेडवरून. ते चित्रकलेचे शिक्षक. नव्वदचं दशक संपता संपता शाळेला कुणीतरी कॉम्प्युटर देणगी दिले आणि त्यांचं करायचं काय हे कुणालाच कळेना. हेडसरांनी त्यांना झालरीचे अभ्रे शिवून घेतले, खोलीला कुलूप लावलं आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. चित्रकलेचे तास कमी असतात, म्हणून किल्ली निमसे सरांच्या गळ्यात पडली. इतर कुणी असता तर त्यानं आठवड्यातून एकदा धूळ झटकली असती. सरांनी मुंबईहून प्रोग्रामिंगचं एक जाडजूड पुस्तक आणवलं. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं. शब्द अडला की ते इंग्रजीच्या मॅडमना गाठायचे, आणि मॅडमना अर्थ सांगता आला तरी तो कॉम्प्युटरला कसा लागतो ते कळायचं नाही, मग दोघं हसायचे.

सर उंच, काटकुळे. शर्टाच्या खिशात पेन्सिली, त्यामुळे खिशाखाली कायम रंगाचे ठिपके. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे आणि दुसऱ्याच वाक्याला घरच्या बोलीवर यायचे. त्यांच्याकडं कुणी काही मागितलं तर त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "ने." पेन्सिल मागितली, ने. परसातलं आंब्याचं रोप मागितलं, ने. एकदा स्टाफरूममधली माझी छत्री त्यांनी एका मुलीला देऊन टाकली. मी चिडले, तर शांतपणे म्हणाले, "तुमाला एसटी हाय बाई. तिला वाडीपर्यंत चालायचं हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःची छत्री आणून दिली. तिच्यात दोन काड्या मोडलेल्या होत्या, पण दिली.

त्या बैलाचं नाव ढवळ्या. सरांच्या खेळाची गोष्ट अशी, की म्हसा गावच्या जत्रेत एका मुलाचा बैल हरवतो. थंडीतली ती जत्रा आमच्याकडं सगळ्यांना पाठ. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, तमाशाचे तंबू, हातोलीच्या मिठाईची ताटं. खेळणाऱ्यानं त्या मुलाला घेऊन जत्रेत फिरायचं, भेटेल त्याला विचारायचं, कुणी हिशेब घालेल तो सोडवायचा, कुणी दिशा सांगेल ती लक्षात ठेवायची, आणि ढवळ्याला शोधायचं. जत्रेतले आवाज सरांनी खरोखरच्या जत्रेत जाऊन टेपवर घेतले होते. एका दलालानं त्यांना पत्रकार समजून बैलबाजाराच्या गैरसोयींवर भाषण दिलं. त्यातला "आता तुमीच सांगा" एवढा तुकडा सरांनी खेळात वापरला. हिशेब चुकला की तो दलाल म्हणायचा, आता तुमीच सांगा.

जत्रेत बोरं विकणारी एक म्हातारी होती. ती सगळ्यात महत्त्वाची, कारण बैल कुठं गेला ते तिलाच ठाऊक असायचं. तिचा आवाज होता सुमनवहिनींचा, सरांच्या बायकोचा. वहिनी माणसांत बोलायला फार बुजायच्या. सरांनी शाळेचा माइक घरी नेला आणि त्यांना स्वयंपाकघरातच बोलायला लावलं. "इकडं नाय रे आला तुझा बैल. त्या तंबूमागं बघ जा. आनि बोरं नको का तुला?" असं त्या म्हणतात आणि नेमकी तेव्हा कुकरची शिट्टी होते. सरांनी ती शिट्टी काढली नाही. मुलांनी तिचा स्वतःहून अर्थ लावला, की शिट्टी झाली म्हणजे बैल जवळ आहे. मग सरांनी खेळच तसा बदलला.

आमच्या शाळेतली मुलं त्या खेळापायी वेडी झाली. वाडीवरून येणारी, वर्गात तोंड न उघडणारी मुलं कॉम्प्युटरसमोर बसून त्या म्हातारीला उत्तरं द्यायची. ती त्यांच्या घरासारखं बोलत होती, हे त्याचं कारण. मी मराठीची शिक्षिका. 'नाय' लिहिलं की लाल शाईनं 'नाही' करणारी. त्या खोलीच्या दारात उभं राहून मी बरंच काही शिकले.

हळूहळू खेळ शाळेबाहेर गेला. तीन फ्लॉप्यांत तो मावायचा. खर्डीचे एक शिक्षक आले, सर म्हणाले, ने. टोकावड्याहून कुणी आलं, ने. आटगावला कॉम्प्युटर क्लास निघाला, तिथं गेला. एकदा आम्ही कामासाठी शहापुरात गेलो होतो तेव्हा एका क्लासच्या खिडकीतून आम्हाला कुकरची शिट्टी ऐकू आली. सर आत गेले. एक अनोळखी मुलगी खेळत होती. सर तिच्यामागं जाऊन उभे राहिले, तशी ती म्हणाली, काका, तुम्हाला येतो का हा? सर म्हणाले, नाय गो. मग तिनं त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला आणि सरांनी तो मान डोलावत ऐकून घेतला. बाहेर आल्यावर ते चहा पितापिता म्हणाले, "खेळाचं बरं असतं बाई. छत्री दिली तर आपण भिजतो. खेळ दिला तर तो त्याच्याकडं बी जातो आनि आपल्याकडं बी ऱ्हातो. अशी वस्तू मी अजून दुसरी बघितली नाय."

किशोर हा आमच्याच शाळेचा विद्यार्थी. सरांचा सगळ्यात लाडका. कॉम्प्युटर आले तेव्हा तो दहावीत होता आणि ढवळ्याचे पाय कसे हलवायचे हे सरांनी आणि त्यानं मिळून शोधून काढलं होतं. पुढं तो शिकला आणि ठाण्याला शाळांसाठी सीडी काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागला. एके दिवशी तो आपल्या साहेबांना घेऊनच शाळेत आला. साहेबांनी खेळ पाहिला, सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, हा खेळ महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत गेला पाहिजे.

सरांना आणखी काय हवं होतं. करार इंग्रजीत होता. त्यांनी तो चार वेळा चाळला आणि शेवटी किशोरलाच विचारलं, हे सगळे हक्क म्हणजे काय रे. मी तिथंच वह्या तपासत बसले होते. किशोर म्हणाला, "म्हणजे दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून, सर. खेळ तुमचाच राहणार."

सरांनी सही केली. चित्र काढावं तशी, सावकाश.

पुढचे काही महिने सर हवेत होते. किशोर म्हणाला, साहेब रंग सुधारतायत, आवाज स्वच्छ करतायत. सर म्हणाले, करू दे, त्यांना जास्त कळतं. मग ठाण्याला एका हॉलमध्ये प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला आणि आम्ही सात-आठ जण जीप करून गेलो. वहिनींनी नवी साडी नेसली होती. वाटेत त्या मला म्हणाल्या, माझा आवाज लागला ना बाई, की मी बाहेर जाऊन उभी ऱ्हानार, मला नाय ऐकवणार तो लोकांत.

व्यासपीठावर सरांना पुष्पगुच्छ दिला, दिवे मंद केले आणि पडद्यावर जत्रा सुरू झाली. रंग झगझगीत होते. ढवळ्याच्या गळ्यात निळी माळ आली होती. मुलगा म्हातारीपाशी गेला. वहिनी खुर्चीच्या कडेला सरकल्या, उठण्याच्या तयारीत. आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखा एक गोड, घासूनपुसून लख्ख केलेला आवाज म्हणाला, "नाही बाळा, तुझा बैल इकडे आला नाही. कृपया तंबूच्या मागे शोध."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी तशाच कडेला बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "ही कोन?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मंग माझं?"

पुढं असेल, मी म्हटलं. पण पुढं नव्हतं. दलालही नव्हता, शिट्टीही नव्हती. दिवे लागले तेव्हा सर व्यासपीठावरून आमच्या रांगेकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. वहिनींनी पिशवीतून घरून आणलेला पेढ्यांचा डबा काढला आणि आम्हाला एकेक पेढा वाटायला लागल्या, खाली मान घालून, कुणाकडंच न बघता.

 परतताना जीपमध्ये, पडघा मागं पडल्यावर, सर वहिनींना म्हणाले, मला म्हाईत नव्हतं गो. वहिनी म्हणाल्या, मी काय बोलले का?

कंपनीनं शाळेला एक सीडी भेट दिली. चकचकीत डबा, आत पुस्तिका आणि एक लांबलचक नंबर. सीडी घातल्यावर कॉम्प्युटर तो नंबर मागायचा. तो दिला की स्वतः दुसरा नंबर दाखवायचा, तो कंपनीला फोनवरून कळवायचा, मग कंपनी तिसरा नंबर सांगणार आणि मग कुलूप उघडणार. फोन हेडसरांच्या ऑफिसात, कॉम्प्युटरची खोली दुसऱ्या टोकाला. तेव्हा सरांनी व्हरांड्यात मुलांची रांग उभी केली. एकानं आकडा ओरडायचा, दुसऱ्यानं झेलायचा आणि पुढं द्यायचा, असा नंबर ऑफिसात पोचला आणि तिकडचा परत आला. मधल्या कुणीतरी 'सात' चा 'साठ' केला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मुलांना त्या दिवशी खेळापेक्षा हाच खेळ आवडला. एका कॉम्प्युटरवर जत्रा उघडली. सरांनी तीच सीडी दुसऱ्यात घातली तर ती म्हणाली, हा क्रमांक वापरला गेला आहे.

सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, एका सीडीला एकच मशीन, सर. बाकीच्या मशीनना वेगळ्या सीड्या घ्याव्या लागतील.

आता यापुढं जे झालं ते सरांच्या सरळ स्वभावामुळं झालं. ते त्या मुलीला समजावायला लागले, की काळजी करू नका, बाकीच्या कॉम्प्युटरवर माझा जुना खेळ आहेच, तोच मुलं खेळतात. आणि परवा खर्डीच्या गुरुजींनाही मी तोच पुन्हा दिला, कारण एवढ्या सीड्या त्यांना कशा परवडणार. त्या मुलीनं त्यांचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. सरांनी ते आनंदानं सांगितलं.

पंधरवड्यात जीप आली. एक सुटातला माणूस, आणि सोबत किशोर. सुटातला माणूस हेडसरांच्या ऑफिसात बसला आणि त्यानं करारातलं एक कलम वाचून दाखवलं. जुना खेळ आणि नवा खेळ असं दोन काही नाही. खेळ एकच, आणि तो कंपनीचा. त्याच्या प्रती वाटणं म्हणजे कंपनीच्या मालाची चोरी. शाळेवर केस होऊ शकते. हेडसर निवृत्तीला आले होते, केस हा शब्द ऐकताच ते खुर्चीतून उठले. म्हणाले, निमसे, काढून टाका सगळं, आत्ताच्या आत्ता, यांच्यासमोर.

आम्ही तिघं-चौघं शिक्षक कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभे होतो. सरांनी चपला काढल्या. सुटातला माणूस बूट घालूनच आत गेला. सर पहिल्या खुर्चीवर बसले, मग उठून किशोरसमोर उभे राहिले.

"किशोर, तू म्हणालास, तुमचाच ऱ्हानार."

किशोरचे डोळे खाली होते. "मला तेव्हा तसंच वाटलं होतं सर."

"आनि आता?"

"आता करारात लिहिलंय."

"करार मी वाचला नव्हता रे," सर म्हणाले. "तू सांगितलास तो ऐकला होता."

 मला आजही वाटतं, की तेव्हा किशोर एक शब्द जरी बोलला असता, साहेब राहू द्या, एवढा जरी, तरी पुढचं सगळं होऊनही सरांचं काहीतरी शिल्लक राहिलं असतं. तो भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहिला. तो तक्ता त्यानंच रंगवला होता, शाळेत असताना.

सरांनी एकेका कॉम्प्युटरवर बसून ढवळ्या पुसला. कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, नक्की काढून टाकायचं का. सर दर वेळी थांबायचे, मग बटण दाबायचे. कपाटातल्या फ्लॉप्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. सुटातला माणूस म्हणाला, घरी आहेत? सर म्हणाले, आहेत. आणि दुसऱ्या दिवशी घरच्याही आणून, हेडसरांच्या समोर पाकिटात घालून, कंपनीला पाठवून दिल्या. स्वतः खर्डीला गेले आणि त्या गुरुजींनाही खेळ पुसायला लावला. टोकावडे, आटगाव, जिथं जिथं दिला होता तिथं तिथं गेले. खर्डीचे गुरुजी त्यांना म्हणाले होते म्हणे, इथं जंगलात कोण बघायला येतंय सर? सर म्हणाले, सही मी केलीय.

हे मला वहिनींनी सांगितलं. त्या हळदीकुंकवाला शाळेत आल्या होत्या, बाकीच्या बायका गेल्यावर माझ्याजवळ थांबल्या. त्यांनी सरांना विचारलं होतं, एक तरी फ्लॉपी ठेवली असंल ना तुमी? सर म्हणाले होते, त्यांनी सगळ्या मागितल्या होत्या.

"माझा आवाज होता बाई त्यात," वहिनी म्हणाल्या. "मला नाय विचारलं. घेताना बी नाय, देताना बी नाय."

त्या घरात पुढं बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होत होतं, हे सरांकडं बघून कळायचं. डबा रोज यायचा. पण सर तो उघडून बराच वेळ नुसते बघत बसायचे.

नवी सीडी सुरुवातीला चांगली खपली. कंपनीच्या माणसांनी गावोगाव सरांचं नाव सांगितलं, डब्यावर त्यांचा फोटोही होता. आमच्याच भागातला माणूस म्हणून शहापूर-मुरबाडमधल्या कितीतरी शिक्षकांनी आणि पालकांनी ती विकत घेतली. दोनेक वर्षं गेली. शाळेतल्या ज्या एका कॉम्प्युटरवर ती चालायची, तो बिघडला. दुरुस्त करणाऱ्यानं आतली डिस्क बदलली आणि जत्रेला कुलूप लागलं. कंपनीला फोन केला तर तो वाजतच राहिला. दुसऱ्या दिवशीही. मग कळलं, कंपनी बंद झाली, साहेब दुसऱ्या धंद्यात गेले, किशोर पुण्याला. तिसरा नंबर सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुलूप मात्र होतं तसंच होतं.

एकामागून एक लोक सरांकडं यायला लागले. कुणाचा कॉम्प्युटर बदललेला, कुणाचा बिघडून दुरुस्त झालेला. हातात तो डबा, डब्यावर सरांचा हसरा फोटो. खर्डीचे गुरुजीही आले. ज्यांना सरांनी जुना खेळ पुसायला लावला होता, त्यांनी मग सरांच्याच सांगण्यावरून नवा विकत घेतला होता. ते भांडले नाहीत. फक्त म्हणाले, सर, तुमी पुसायला सांगितलंत, पुसला. तुमी घ्या म्हणालात, घेतला. आता दोनी नाय. सर त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. गुरुजींना ते बघवेना, ते चहा न घेताच गेले.

त्यानंतर काही दिवसांनी सर मला म्हणाले, बाई, शहापुरात येतो तुमच्यासोबत. बाजारपेठेत एक मोबाइलचं दुकान होतं, तिथला तरुण असली कुलुपं तोडण्यात तरबेज होता. सरांनी त्याला डबा दिला. त्यानं डब्यावरच्या फोटोकडं आणि सरांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि सीडी आत घातली. आम्ही बाकड्यावर बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, झालं काका. पडद्यावर निळी माळ घातलेला ढवळ्या चालत होता. मुलगा म्हातारीपाशी गेला आणि ती म्हणाली, कृपया तंबूच्या मागे शोध.

सर पुढं वाकून बघत होते. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "बंद कर."

"चालतंय ना पण?" तो तरुण म्हणाला.

"चालतंय. हा माझा नाय." मग ते म्हणाले, "पन लोकांनी हा विकत घेतलाय. ज्याचा डबा येईल त्याला उघडून दे. मी सांगितलं म्हनून सांग."

ज्या माणसानं सही केली म्हणून स्वतःच्या बायकोचा आवाज पुसला, तोच माणूस आता खुशाल कुलूप तोडून द्या म्हणत होता. मी वाटेत त्यांना ते विचारलं. ते म्हणाले, पहिलं माझं होतं, ते मी देऊन बसलो. हे लोकांचं हाय, त्यांनी घेतलंय. ते कोन घेनार काढून? त्या दुकानातून कितीतरी जणांची जत्रा उघडून गेली. सरांनी स्वतःसाठी घेतली नाही.

शाळेत ते पुन्हा कॉम्प्युटरच्या खोलीत गेले नाहीत. किल्ली हेडसरांच्या टेबलावर ठेवली आणि कागदावरची चित्रकला शिकवायला लागले. चांगली शिकवायचे, पण काहीतरी बदललं होतं. मुलानं चित्र काढायला घेतलं, की ते आधी म्हणायचे, नाव घाल. कोपऱ्यात नको, मोठं घाल. चित्र सुरू व्हायच्या आधी कागदावर नाव. पेन्सिली आता कपाटात असायच्या आणि कपाटाला कुलूप असायचं. मुलं मागायला गेली, की ते विचारायचे, कशाला हवी, परत कधी देशील. देत नव्हते असं नाही. पण विचारायचे, आणि विचारून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी व्हायचं, ते खिडकीकडं तोंड करायचे.

किशोर एकदा त्यांच्या घरी येऊन गेला. पुण्याला त्याचं बरं चाललं होतं. तो म्हणाला, सर, परत बनवू, माझ्या खर्चानं, तुमच्याच नावावर. सरांनी त्याच्या आईची चौकशी केली, त्याला जेवू घातलं आणि बनवण्याबद्दल शब्दही काढला नाही. वहिनी वाढायला बाहेर आल्या नाहीत. हे मला सरांनीच सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "त्याचा काय दोष नसंल बाई. पन माज्याच्यानं आता त्याचं खरं मानवत नाय."

ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी शाळेला एक अंक काढायचा होता आणि त्याचं काम माझ्याकडं होतं. मुखपृष्ठाला चित्र हवं होतं, शाळेच्या खिडकीतून दिसणारा माहुलीचा डोंगर. ते निमसे सरांशिवाय कोण काढणार. मी त्यांच्या गावी गेले. सर ओटीवरच होते, केस पांढरे झालेले. त्यांना मनापासून आनंद झाला. चहा होईपर्यंत त्यांनी माझ्यासमोर बसून ते चित्र काढलं. तीन सुळके, खाली भाताची खाचरं, आणि एका बाजूला शाळेचं कौलारू छप्पर. हात तसाच सावकाश चालत होता. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, चित्राकडं बघून म्हणाल्या, छान झालं, आणि आत गेल्या.

मी चित्र घ्यायला हात पुढं केला, तर सरांनी ते मागं घेतलं. आतून एक कोरा कागद आणला आणि त्यावर लिहिलं, की हे चित्र एका अंकापुरतं दिलं आहे, दुसरीकडं कुठं छापू नये, कुणाला उतरवू देऊ नये, आणि काम झालं की मूळ चित्र परत करावं. खाली माझं नाव लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"राग नाय ना बाई?"

मी नाही म्हटलं आणि सही केली. त्यांनी कागद उचलला आणि माझी सही वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेला माणूस. मग त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली आणि मला सोडायला, अनवाणीच, फाट्यापर्यंत आले. वाटभर त्यांनी माझ्या मुलांची, शाळेची, हेडसरांच्या तब्येतीची चौकशी केली. एसटी आली तेव्हा चित्राची गुंडाळी चेंगरू नये म्हणून त्यांनी ती स्वतः वर चढून माझ्या जागेशेजारी नीट ठेवली आणि खाली उतरले.

गाडी सुटल्यावर मी खिडकीतून मागं पाहिलं. सर फाट्यावर उभे होते. एक हात मला निरोप द्यायला वर केलेला, आणि दुसऱ्या हातानं ते शर्टाचा खिसा चाचपत होते, कागद आहे ना ते.